बूट, नारळ अन् पिसाळलेले व्याही

नाय नाय, त्या हाताला नका लावू... तो मोडलाय! उजवा धरा, उजवा बराय, नुसता मुरगळलाय. बसा. अन् हसू नका हो! तुम्हाला सांगतो, माणूस बांधापायी मार खातो, नळाच्या पाण्यापायी खातो, मी कशापायी खाल्ला? इंग्रजीपायी! मला इंग्रजी येती का? नाय! बोललो का मी इंग्रजी? एक अक्षर नाय! नुसता मधी पडलो. अन् लोक म्हणतेत, इंग्रजी काय, जगात कुठंबी जा, एकच!

एकच म्हणं!

तर आमच्या तनुजाचा साखरपुडा. पोरगा तिनं सोताच पसंत केलेला, ऋतुराज, वाळूजला तिच्याच कंपनीत. गरीब पोरगं, खाली मान घालून बोलणारं, मला आवडलं. पण त्याचे वडील आप्पासाहेब! सोयगावचा कडक माणूस. गळ्यात तुळशीची माळ, खोकल्याचं औषध बी हुंगून बघणार, दारूचा वास नाय ना म्हणून. त्यांचा होकार मिळवायला मी किती चकरा मारल्या असतील, ते माझ्या गाडीच्या टायरला विचारा. अन् तनुजानं मला सांगून ठेवलेलं, "पप्पा, हे मोडलं ना, तर परत मला कुणापुढं पोह्याची ताटली घेऊन उभं करायचं नाय." आता बापाच्या छातीत काय होत असंल? सांगा तुम्हीच.

कार्यालय घेतलं इथंच, बजाजनगरात. जेवणाला मुख्तारभाई, माझा जुना दोस्त. त्याची बासुंदी म्हंजे... जाऊ द्या, बासुंदीचं नंतर काय झालं ते सांगतोच.

अन् दोन पाव्हणे परदेशातले. आमच्याकडून माझा भाचा गोकुळ, अमेरिकेत, टेक्सासला. त्यांच्याकडून ऋतुराजचा थोरला भाऊ सत्यम, इंग्लंडात, लीड्सला. मी म्हणलं, लई बरं झालं! दोघं इंग्रजीवाले, बसतील एका कोपऱ्यात, करतील गटरपटर, आपल्याला ताप नाय. बसले बी! अन् पयल्याच मिंटाला गोकुळ म्हणतो, "वाडर?" सत्यम म्हणतो, "काय?" "वाडर, वाडर!" सत्यम म्हणतो, "ओह, वॉ'अ!" गोकुळ म्हणतो, "काय?" अरे, पाणी! पाणी पाहिजे तुम्हाला! हा 'ट'चा 'ड' करतो, तो 'ट' गिळूनच टाकतो, अन् ग्लास घेऊन उभी असलेली बाई एकदा ह्याच्याकडं बघायली, एकदा त्याच्याकडं. तहानेनं दोघं मरायचे, पण एकमेकाला पाणी मागता येईना.

तरी मी हसलो. येडा होतो. तेव्हा हात जाग्यावर होता ना.

मग आली शालूची वेळ. पोरीला पोराकडचा शालू नेसवायचा. माझी आत्या, केसरबाई, वय झालंय पण आवाज अजून विहिरीच्या इंजिनासारखा, ती उठली. "ओ पाव्हणे! आमच्या लेकीचा शालू कुठंय?" सत्यम बिचारा हात जोडून, लई अदबीनं, म्हणतो, "आत्याबाई, शालू माझ्या बूटमधे आहे."

बूटमधे!

केसरबाईनं त्याच्या पायाकडं बघितलं. पायात काळे, टोकदार, चकचकीत बूट. "कशात?" "बूटमधे. आणू का काढून?" म्हंजे इंग्लंडात गाडीच्या डिकीला बूट म्हणतेत! डिकीला, बूट! आता हे केसरबाईला कोण सांगणार? गोकुळ शहाणा मधी पडला, "आजी, बूट नाय, ट्रंक म्हणायचं असतं." अमेरिकेत डिकीला ट्रंक! बाई तिकडून अजून भडकली, "ट्रंक असती तर ट्रंकंत ठेवला असता ना मुडद्यानं! आमच्या लेकीचा शालू बुटात घालून आणला?" अन् ओटीचा नारळ उचलला...

फेकला!

तुम्हाला सांगतो, काय नेम! म्हंजे नेम चुकलाच, पण जोर काय! सत्यम वाकला, नारळ त्याच्या डोक्यावरून गेला, अन् मागं खुर्चीत माळ जपत बसलेल्या आप्पासाहेबांच्या गुडघ्यावर... खट्ट! नारळ फुटला हो! गुडघ्यावर नारळ फुटताना तुम्ही बघितलाय का कधी? मी बघितला. माझे होणारे व्याही, अन् अंगभर नारळाचं पाणी!

माफी मागितली. पाया पडलो. गाडीची डिकी उघडून सगळ्यांना शालू दाखवला, हिरवा, जरीचा, झ्याक. केसरबाई बी वरमली. आप्पासाहेब म्हणले, "ऱ्हाऊ द्या." पण दात आवळून. डोळे लालभडक, तोंड लाल, चालताना झोकांड्या खायले, खुर्ची धरून, खांब धरून. गुडघा सुजलेला ना!

हे सगळं गोकुळनं बघितलं. अन् खिशातून फोन काढला, टेक्सासला बायकोला लावला, अन् मोठ्यानं, हसत हसत, "अगं, इकडं फुल्ल ड्रामा! म्हातारा एकदम पिस्ड आहे!"

मागं सत्यम उभा.

आता ऐका. अमेरिकेत पिस्ड म्हंजे चिडलेला. बस्स. चिडला, एवढंच म्हणला पोरगं. अन् इंग्लंडात? इंग्लंडात पिस्ड म्हंजे पिऊन तर्र! सत्यमनं काय ऐकलं? आपला माळकरी बाप, भर साखरपुड्यात, दारू पिऊन झोकांड्या खायलाय! त्यानं गोकुळची कॉलर धरली, "माझ्या वडिलांना पिस्ड म्हणतो?" गोकुळ म्हणतो, "म्हणजे काय! बघ ना त्यांच्याकडं! कुणीबी होईल पिस्ड!" झालं! ठोसा! नाकावर! अन् सत्यम ओरडला, "आमच्या आप्पाला दारूडा म्हणला!" तिकडं सोयगावहून जीप भरून आलेले त्यांचे भाऊबंद, त्यातल्या अर्ध्यांनी ऐकलं दारूडा, अन् अर्ध्यांनी नुसतं पिस्ड ऐकलं. एकजण खुर्चीवर चढून कोकलला, "आपल्या आप्पाला पिसाळला म्हणतेत रेऽऽ!"

पिसाळला! कुत्रं पिसाळतं तसं!

एक शब्द. अमेरिकेत चिडला, इंग्लंडात प्याला, सोयगावात पिसाळला. अन् इंग्रजी एकच म्हणं!

मग काय विचारता! खुर्च्या उडल्या. प्लास्टिकच्या नाय हो, लोखंडी! माझ्या साडूच्या पाठीत एक बसली, त्यानं तीच फिरवून त्यांच्या मेव्हण्याच्या मांडीवर घातली. केसरबाईनं दुसरा नारळ घेतला. गुलाबजाम सांडले, पाकावरून माणसं घसरायली, पडलेला उठतोय, उठलेला पडतोय, पडल्या पडल्या चावायलाय! मुख्तारभाई झारा घेऊन बासुंदीच्या पातेल्याला आडवा, "ओ मियाँ, कायकू लड़रे? सुदर्शनभाई, मेरा पातेला बचाओ! सर तो बाद में बी सिल जाते!" अन् तेवढ्यात गोकुळ अन् सत्यम, एकमेकाचे केस धरून, मागं मागं येत, दोघंबी... पातेल्यात! ढब्ब! बासुंदी छताला!

मी धावलो. सोडवायला. कुणीतरी पाट मारला. कुणी मारला नाय सांगता येणार, पाट तेवढा बघितला. कोपरातून कट्ट असा आवाज आला, अन् मी पाकात बसलो. अन् बसल्या बसल्या, तुम्हाला खरं सांगतो, हात दुखंना मला. मला समोर आप्पासाहेब दिसले. खांबाला टेकून, एकटे. माळ मुठीत धरलेली. "उभ्या जन्मात शिवलो नाय," म्हणले, "पोराच्या साखरपुड्यात दारूडा ठरलो." मला वाटलं, संपलं. मोडलं माझ्या पोरीचं.

तेवढ्यात माईक कर्रकन वाजला. तनुजा! त्या दोघांना कॉलर धरून पातेल्याबाहेर ओढलेलं, दोघंबी बासुंदीनं पांढरे, भुवयांवर चारोळ्या. अन् माईक तोंडापुढं धरून विचारायली, "काय म्हणला तू?" गोकुळ म्हणतो, "पिस्ड म्हणालो! चिडले म्हणालो!" सत्यम म्हणतो, "खोटं! पिस्ड म्हणजे प्यालेला!" "चिडलेला!" "प्यालेला!" खुर्ची मारायला उचललेला माणूस तसाच खुर्ची डोक्यावर धरून उभा.

पोरीनं माईक खाली ठेवला. एक गोकुळच्या कानाखाली. एक सत्यमच्या. होणाऱ्या मोठ्या दिराच्या हो! खाडकन्! "हे तरी," म्हणली, "दोन्ही देशांत सारखंच कळतंय ना?"

अन् तशीच आप्पासाहेबांपुढं जाऊन खाली बसली. "आप्पा, नारळ लागल्यावर तुम्ही चिडला होता का?" ते म्हणले, "मंग? हसू काय पोरी?" "तो तेवढंच म्हणला. आप्पा चिडलेत. त्याच्या गावाकडं तसं म्हणतेत." म्हाताऱ्यानं माझ्या हाताकडं बघितलं, छताकडं बघितलं, वरून बासुंदी गळायली टप टप... अन् मला वाटलं आता रडतील, तर हसायला लागले! गुडघा धरून हसायले! "सुदर्शनराव," म्हणले, "माझ्या थोरल्याच्या कानाखाली आजवर मलाबी वाजवता आली नाय. ही पोरगी माझ्या घरात पाहिजेच. बोलवा भटजीला!"

भटजी टेबलाखाली होते. काढले. अंगठ्या घातल्या. ऋतुराजचा डोळा सुजलेला, त्याला बोट दिसंना, तनुजानंच त्याचा हात धरून घालून घेतली. लग्नाची तारीख बी निघाली. मी प्लास्टर घालायला गेलो, पण तुम्हाला सांगतो, नाचत गेलो!

इथं संपायला पाहिजे होतं.

काल गोकुळ अन् सत्यम, दोघांना सोडायला चिकलठाण्याला गेलो, विमानतळावर. दोघांचं दिल्लीचं विमान एकच. आता दोस्ती झालेली, एकमेकाच्या नाकावरच्या पट्ट्या बघून हसायले. दारात सत्यमनं मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी, अन् मोठ्यानं म्हणतो, "काका, साखरपुडा वेंट लाइक अ बॉम्ब!"

इंग्लंडात म्हंजे, लई झक्कास झाला. अमेरिकेत बॉम्ब झाला म्हंजे, पार फसला. गोकुळनं बॅग खाली टाकली, "फसला? माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा फसला?" अन् धरली परत कॉलर! अन् दारातला बंदूकवाला जवान? त्याला ना इंग्लंडाशी देणं ना अमेरिकेशी, त्यानं तेवढा एकच शब्द ऐकला. मी मधी गेलो समजवायला, "साहब, उधर बम का मतलब बहुत अच्छा होता है..." मलाबी आत बसवलं!

सोडलं हो, जबाब घेऊन सोडलं. पण विमान गेलं. आता नवीन तिकिटं मिळंपर्यंत दोघं माझ्याच घरी. एकाच खोलीत...

ऐकलं का? कायतरी फुटलं वाटतं आत.

फुटू द्या. बसा तुम्ही, चहा घ्या.