आत्याची गोड जागा

पियानोच्या परीक्षेसाठी आत्या परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. सोबत भाची होती.

"खरं सांग आत्या, नोटेशन वाचता येतं तुला?"

"शिकवणाऱ्या बाई वाजवतात, मी ऐकते. घरी तस्संच वाजवते. कान शाबूत आहेत माझे."

"वाचता येत नाही हे कळलं, तर नापास करतील हं."

"कळतंय कशाला? कागदाकडे बघतच वाजवीन."

"बरं, गुणगुणून दाखव. अगं, मध्येच का थांबलीस?"

"बाई दर वेळी थांबतात तिथे. फार गोड जागा आहे ती."

"आत्या, बाई तिथे त्यांच्या पुस्तकाचं पान उलटतात!"

"अगं बाई! मग मीही उलटीन."

"पण तुझ्या हातातला परीक्षेचा कागद एकपानीच आहे."

दार उघडलं. आत्याचा नंबर आला.

"तुझ्या वहीतलं एक पान फाड गं पटकन. उलटायला काहीतरी नको का?"