खोट्या मशीनची केबल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. जळगावच्या आमच्या शाळेत प्रदर्शन सुरू व्हायला अर्धा तास उरला होता आणि मी कॉम्प्युटरच्या आत तयार केलेल्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरच्या कॉम्प्युटरला, नेटवर्क मिळत नव्हतं. सरांना विचारायची लाज वाटली, म्हणून मी टेबलाखाली शिरून केबल तपासत बसले.

शाळेचे शिपाई नाना वाकून म्हणाले, "बेटा, तार ते लागेल शे. काय शोधी राहिनी?"

"तार लागलेली आहे हो, नाना. मी नेटवर्क शोधतेय," मी म्हटलं.

नानांनीच सरांना बोलावलं. सरांनी मशीनची सेटिंग उघडली, 'केबल जोडलेली' या रिकाम्या चौकोनात खूण केली आणि नेटवर्क आलं.

"ही खूण कोणी काढून टाकली होती?"

"मीच, सर. वाटलं, मशीनच खोटं, त्याला केबल कुठली?"

"मग टेबलाखाली कोणाची शोधत होतीस?"