मुठीतला तीळ आणि कासारीण

टाळ थांबवा जरा! त्या खांबाला टेकून बसल्यात ना, त्या आमच्या चंपूवन्सं — काल मानेवरच्या तिळाला चुना फासत होत्या. का? तर तो वाढतोय! दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणतात, "एवढ्याशा तिळाला डॉक्टर?" मंडळी, तुम्हीच सांगा — या देहाच्या मालकानं आतून हाक मारली, तर ओ द्यायची, की त्याच्याच तोंडाला चुना फासायचा?

ऐका तर! भिकूबाई कासारीण. शाळेचं तोंड न पाहिलेली — माझ्यासारखीच! — पण गावच्या बायकांचे हात तिला तोंडपाठ. हात चेपायचा, अंगठा दुमडायचा, बांगडी सरसर वर! दर नागपंचमीला तेच हात.

त्या साली ती तेलघाणेवाल्या गोजराक्कांच्या घरी गेली. सून मालन पुढं बसली. मालनच्या तळहातावर तीळ — मूठ मिटली की आत! गोजराक्का पाहुण्यांना दाखवायच्या, "हा तीळ घरात आला आन् दुसरा घाणा लागला!"

भिकूबाईनं हात धरला... आणि थांबली. गेल्या पंचमीला मोहरीएवढा, गोल, एकरंगी. आता? कड वेडीवाकडी पसरलेली. निम्मा काळा, निम्मा तांबूस. जरा चेपला, तर रक्ताचा ठिपका! अहो, वर्षापूर्वीची मोहरी त्या बोटांना आठवली! काय म्हणावं या देहाला, आणि काय म्हणावं त्या बोटांना!

तिनं पेटी मिटली. तिला ठाऊक होतं — मोठं घर, रागावलं तर गावात कुणी दारात उभं करायचं नाही.

"बांगड्या नाही भरत, आक्का."

"सवाष्णीला पंचमीला रिकाम्या हातानं उठवतेस? जीभ झडेल!"

"झडू द्या. पोर वाचू द्या."

"भाग्याचा तीळ आहे तो!"

"मग रूप का बदलतोय? माझ्या दंडावर दहा आहेत, जन्मभर गप बसलेत. त्यांचं भ्या नाही. हा वाढतोय, रंग पालटतोय, रक्त काढतोय. डॉक्टरला दाखवा. मग फुकट भरते!"

मालननं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला, एसटी धरली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तीळ काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, मंडळी! पण वरच्यावर होता, खोल उतरला नव्हता.

"वेळेत आलात. कुणी पाठवलं?"

"कासारणीनं."

एवढा शिकलेला माणूस — त्यानं बसल्या जागी हात जोडले!

पुढच्या पंचमीला मालनच्या तळहातावर नुसता वण. भिकूबाईनं हिरव्या बांगड्या चढवल्या, डोळे गळत होते. आणि गोजराक्का? स्वतःचा हात पुढं केला — "माझाही बघ गं. उलटासुलटा बघ."

हसता काय? घरी जाऊन एकमेकांच्या पाठी बघा! आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून तर देवानं माणसाला माणूस दिलं.

आणि चंपूवन्सं, मान झाकू नका, इकडं बघा. माझा निवाडा ऐका — चुना पानाला लावायचा, तिळाला नाही! उद्या पहिल्या एसटीनं दवाखाना. तो होईस्तोवर माझ्या हातचा बुक्का तुम्हाला नाही. खांबाजवळची जागा मात्र राखून ठेवते — तिथं दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही!