सासू नावाची फाईल

तुम्ही हसाल, पण आमच्या पेठच्या डेअरीचा प्रोग्राम मी स्वतः शिकून लिहिलाय. वजन, फॅट आणि बिल असे त्याचे तीन भाग. तिघांनी कोणत्या लायब्ररीचं, म्हणजे आयत्या कोडच्या संचाचं, कोणतं व्हर्जन वापरायचं, हे एकच फाईल ठरवते. तिचं नाव मी ‘सासू’ ठेवलंय.

परवा सूनबाईनं बिलाच्या भागात परस्पर नवं व्हर्जन घातलं. तिन्ही भाग जुळेनात, बिल्ड फेल, म्हणजे प्रोग्रामच उभा राहीना, आणि दूधवाले कॅन घेऊन दारात!

“कुणाला विचारून घातलंस गं?” मी कडाडले.

“आत्याबाई, नव्या प्रिंटरला जुनं चालतच न्हाई. सासूच जुनी झालीया, त्याला मी काय करू?”

मी सासूत एक ओळ बदलून नवं व्हर्जन लिहिलं. तिन्ही भाग एका दमात जुळले, बिलं छापून यायला लागली.

एका ओळीत बदलणारी सासू अख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरी दाखवा, राव!