पाटाचं पाणी आणि आठ पेनं

जालन्यातल्या दवाखान्यात बाकावर पाळीची वाट बघत तीन माणसं होती, पडद्याआड बेबी, तिचे आईबाप मालन नि बद्रीनाथ, डॉक्टरीणबाई आणि मेंदूच्या लाटा कागदावर रेघांनी काढणाऱ्या यंत्राची आठ पेनं. बाकावरचा प्रल्हाद भौतिकशास्त्र शिकला होता. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

“डॉक्टरीणबाई, पोरीच्या रेघा किती वाकड्या वं! चार वर्षं झटक्याच्या गोळ्या दिल्या की.”

“मालनबाई, वाकड्याच हव्यात. बद्रीनाथभाऊ, पाटाचं दार उघडलं की पाणी कसं येतं?”

“भोवरे घेत. मोठ्यात बारके, बारक्यात अजून बारके.”

“त्या खळबळीचं गणित आता मेंदूलाही लावून बघतात. चांगला मेंदू तसाच खळाळतो. सगळं एका तालात उसळलं, की झटका.”

“मंग आता?”

“ही तीन मिनिटं जोरात श्वास घेईल. झटका लपला असेल तर वर येईल. नाही आला, तर गोळ्या बंद करू.”

“मुद्दाम बोलावता व्हय त्याला?”

“मालन, गप. बेबे, जोरात दम घे.”

बाहेर प्रल्हादनं घड्याळ बघितलं. आत डॉक्टरीणबाई मिनिटं मोजू लागल्या.

“एक मिनिट.”

“पेनं एका तालात वाजून राह्यलीत का वं?”

“न्हाई, मालन. पाटावानीच चाललीत.”

“दोन.”

“मोजू नका, माझा जीव चाललाय!”

“तीन. थांब बाळा.”

कागद पहिल्यापासून उलटल्याचा आवाज आला.

“लिहिते. एका तालातल्या लाटा: शून्य.”