पाद्रीबाबाचा चढ

आर्लीन: सायकल खाली ठेव, वेड.

वेड: आई, एकच उडी. रस, तू तरी सांग तिला.

रस: मी काय सांगू बाबा? अंगण त्यांचं, पाण्याची नळी त्यांची, फळी तुझी. मी आपला शनिवारी इथे खणायला येणारा माणूस.

वेड: कुठली फळी?

आर्लीन: ती बघ, अक्रोडाच्या झाडाला ठोकलेली. सतरा वर्षांचा होतास तेव्हा रंगवलीस, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांचा रंग ढापून. वाच मोठ्याने.

वेड: "खणलं नाही, तर उडायचं नाही." अगं, ते बाहेरच्या पोरांसाठी होतं! आयते यायचे, दिवसभर सायकली उडवायचे आणि मातीचं वाटोळं करून जायचे, म्हणून.

आर्लीन: मग तू वेगळं काय करणार आहेस?

वेड: अगं, सायकल उडवायचे हे मातीचे चढ, ह्या उड्या, मी बांधल्यात! चारही! तेव्हा रस तर नुसता ढकलगाडी ढकलायचा.

रस: खरं आहे, ढकलायचो. पण सत्तावीस वर्षं झाली त्याला. माती हिवाळ्यात गोठते, फुगते आणि मार्च आला की भसकन खाली बसते. दर वर्षी नव्यानं उभं करावं लागतं, बरं का. तू टाकलेली माती आता ह्या ढिगांत मूठभर निघाली तरी पुष्कळ.

आर्लीन: सकाळपासून टेप घेऊन काय मोजत होतास रे? मला वाटलं, उंची वाढवतोस की काय.

वेड: किती माती हलवायची ते मोजत होतो. सोमवारी मिस्टर झूक बुलडोझर घेऊन येणार आहेत. तुला फोनवर सांगितलं होतं मी, आणि तू हो म्हणालीस.

आर्लीन: मी "हं" म्हणाले. तुझ्या बाबांचाही चाळीस वर्षं हाच घोळ व्हायचा.

रस: बुलडोझर? मिसेस एम., तुम्ही बोलला नाहीत काही.

आर्लीन: बोलले असते तर तोंड पाडून बसला असतास. आज माती टाकायचीय.

वेड: हे बघ रस, मुद्दा असा आहे. आई एकाहत्तर वर्षांची. एवढ्या घरात एकटी. मागे ही टेकाडं, त्यांवरून कोण कुठले लोक सायकली उडवतात. घरांची दलाल बाई म्हणाली, हे दिसलं तर गिऱ्हाईक गाडीतून उतरणारसुद्धा नाही. सपाट करायचं, गवत पेरायचं आणि विकायचं. फिनिक्सजवळ, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, ज्येष्ठांची उत्तम वसाहत आहे. कागद तयार आहेत. आईची एक सही हवीय, बस.

आर्लीन: तिथे मी दिवसभर काय करायचं?

वेड: गोल्फ आहे. पोहायचा तलाव आहे. हस्तकलेचा वर्ग आहे.

आर्लीन: आणि माती?

वेड: वाळवंट आहे ते, आई. हवी तेवढी माती.

रस: वाळू ती. तिचं काही उभं राहत नाही. इथली चिकणमाती कशी, चोपली की भिंत होते.

वेड: रस, मी विम्यात आहे. लोकांच्या घरी जाऊन जोखीम मोजतो, तेच माझं काम. परसात पोरांची नुसती ट्रॅम्पोलिन दिसली तरी आम्ही हप्ता वाढवतो. हे असलं अंगण माझ्या टेबलावर आलं असतं ना, तर मी फाइल न उघडताच परत केली असती. उद्या कुणी पडला आणि आईवर दावा लावला तर?

आर्लीन: तू इथे सात वेळा पडलास. खांद्याचं हाड दोनदा मोडलंस, दात एकदा पाडलास. मी कुणावर दावा लावायचा होता?

वेड: ते वेगळं होतं.

आर्लीन: वेगळं काय, बिल मी भरलं एवढंच.

वेड: बरं बाई, तुझंच खरं. पण मग मला एक सांग, हे सगळं सोमवारी जाणारच आहे, तर मी आज एकदा पाद्रीबाबावरून, त्या शेवटच्या चढावरून, गेलो तर कुणाचं काय बिघडलं? माझं विमान उद्या संध्याकाळी आहे. जुनी सायकल गॅरेजमध्ये सापडली, टायरमध्ये हवासुद्धा भरली. लहान पोरासारखं वाटतंय गं मला.

आर्लीन: दिसतंय ते. पण तुझ्या बाबांनी एकदा हेच मागितलं होतं, आठवतंय?

वेड: कधी?

आर्लीन: तुझ्या अठराव्या वर्षी. लेस्टर बिचारा गुपचूप जाऊन जुन्या बाजारातून सायकल घेऊन आला. पंचेचाळीसचा माणूस, गुडघ्यांना पट्टे बांधून उभा. म्हणाला, पोरा, मलाही एकदा उडू दे. आणि तू काय म्हणालास?

रस: मी होतो तेव्हा. हा म्हणाला, बाबा, आधी दोन शनिवार खणा.

आर्लीन: आणि त्यांनी खणलं! गिरणीतली आठवड्याची ड्यूटी संपवून दोन शनिवार खणलं. मग पहिल्याच उडीत रासबेरीच्या काट्यांत गेले. मी चिमट्याने काटे काढत होते आणि हा माणूस हसतोय. म्हणाला, आर्लीन, पोरगा सरळ आहे आपला, बापालाही सोडलं नाही.

वेड: हे मला कधी सांगितलं नाहीस.

आर्लीन: तू विचारलं नाहीस. तर आता तुझ्या बापाला लागलेला कायदा तुला लागत नाही, असं मला पटवून दे. तू विमावाला आहेस, तुला येईल.

वेड: ठीक आहे. ठीक आहे! खणतो. फावडं कुठाय?

रस: थांब जरा. मिसेस एम., ह्याला चाळणीवर बसवू या का? चार ढकलगाड्या मातीतले खडे काढले की झालं, तेही खणण्यातच धरतात. दोन तासांत मोकळा होईल. ऊन आहे, बाकीचे तीन चढ सुके आहेत आणि पाद्रीबाबाला आज हातच लावायचा नाही. सूर्य मावळायच्या आत उडून घेईल.

आर्लीन: चालेल की. खडे काढ, वेड.

वेड: खडे? मला चाळणी? नव्या पोरांना देतात ते काम!

रस: तू नवाच आहेस की आता.

वेड: रस, ह्या पाद्रीबाबाला नाव कुणी दिलं? मी. ह्याच्यावरून उडताना भल्याभल्यांना देव आठवतो, म्हणून. आणि काय अवस्था केलीयत त्याची! चढाची कड ढासळलीय, डावा खांदा बसलाय. ह्याच्यावरून मी उडू? मी आधी हा नीट करणार. वरचा दीड फूट उतरवायचा, नवी माती चढवायची, चोपायची.

रस: वरचा दीड फूट? आज?

वेड: का, जमणार नाही असं वाटतं तुला?

रस: जमेल रे. तसं नाही. मिसेस एम.?

आर्लीन: मी काय बोलणार? तो बांधणारा आहे, त्याला कळतं. माती भरपूर भिजव हो वेड, नाहीतर चोपताना भुगा होतो.

(दुपार उलटून गेली आहे. तिघेही कोपरापर्यंत मातीत.)

वेड: बघा! हात फिरवून बघ आई. आहे कुठे खड्डा?

आर्लीन: नाही. सुरेख झालाय. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, हे खोटं नाही.

रस: कडेला पाहिलंत का, मिसेस एम.? सुरीनं कापल्यासारखी. मी पाच वर्षं धडपडतोय, मला अशी काढता आली नाही.

वेड: दोन्ही तळहातांना फोड आलेत. पण मजा आली! सरक रे रस, सायकल आणतो.

आर्लीन: कुठे निघालास?

वेड: उडायला. खणलं की नाही?

आर्लीन: खणलंस. पण ओल्या मातीवर?

वेड: ओली कुठे, वरून तर...

रस: वेड.

वेड: वरून तर सुकत आलीय.

रस: वेड, बोट दाब बरं. हां. किती गेलं आत?

वेड: अर्धं.

रस: ह्याच्यावर चाक गेलं की चर पडणार. कड तुटणार. आणि तू हवेत असताना तुटली तर पलीकडच्या उताराऐवजी मधल्या खड्ड्यात. नव्या मातीला तीन दिवस हात लावायचा नाही. मला हे कुणी शिकवलं असेल?

वेड: मीच.

रस: नुसतं शिकवलं नाही. मी घाई केली म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास.

वेड: मग मी पहिल्या तिन्हींवरून जातो.

रस: आणि थांबशील कुठे? चारही एका रांगेत आहेत. तिसरीवरून उतरलास की पाद्रीबाबा नाकासमोर. तूच तशा बांधल्यास. तेव्हा म्हणायचास, ज्याला थांबायचंय त्यानं घरी बसावं.

वेड: आई, तुला हे सकाळीच माहीत होतं.

आर्लीन: रसने चाळणी देऊ केली होती. तुला कमीपणा वाटला.

वेड: तू म्हणालीस, माती भरपूर भिजव!

आर्लीन: भिजवावीच लागते. त्यात मी काय खोटं बोलले?

वेड: आज शनिवार. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी. आणि बुलडोझर सोमवारी सकाळी. मी दिवसभर राबून जे उभं केलं, ते सुकायच्या आधीच पाडणार. तेही मीच बोलावलेल्या माणसाकडून.

रस: मोजमाप तर तू सकाळीच करून ठेवलंयस. आता त्यातला वरचा दीड फूट ओला धर.

वेड: हसू नकोस.

रस: हसत नाही रे. बरं, मी ढकलगाड्या धुवून ठेवतो. तुम्ही बोला.

आर्लीन: बस इथे, वेड. पायरीवर. मातीचं काही नाही, बस. मी तुला सरळ सांगते. मला हे घर सोडायचं नाही. आणि तुझ्याजवळ राहायचं नाही, असंही नाही. दोन्ही खरं आहे. म्हणून मी फोनवर "हं" म्हणत राहिले.

वेड: तू एकटी असतेस, आई. मला तिकडे झोप लागत नाही.

आर्लीन: तुझे बाबा गेले, तू चार दिवस राहून परत गेलास. पहिला शनिवार. मी पडदे ओढून बसले होते. मागून फावड्यांचा आवाज आला. सहा जण होते. दार कुणी वाजवलं नाही, बिचारी म्हणून कुणी हात धरला नाही. नुसते खणत होते. मला राग आला, सांगते तुला. तणतणत बाहेर गेले, म्हटलं, आज तरी बंद ठेवा. रसने ऐकून घेतलं आणि नळी माझ्या हातात दिली. म्हणाला, माती सुकतेय मिसेस एम., लेस्टर असते तर पाणी मारलं असतं. नऊ वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही माझा. रोज संध्याकाळी पाणी मारते. सुट्टीच नाही मिळाली मला एकटं पडायला.

वेड: मला वाटायचं, ते लोक तुझा फायदा घेतात.

आर्लीन: घेतात की. केक खातात, संडास वापरतात, गॅरेज भरून टाकलंय. छताची पन्हळ साफ करतात, मागच्या हिवाळ्यात मी घसरले तेव्हा दवाखान्यात नेलं. तू मोजणारा आहेस ना? ह्याची जोखीम मोज.

वेड: घसरलीस? मला कळवलं नाहीस?

आर्लीन: कळवलं असतं तर बुलडोझर डिसेंबरातच आला असता.

वेड: थांब. फोन करू दे मला. हॅलो, मिस्टर झूक? वेड मॉयर बोलतोय. सोमवारचं काम... नाही, रद्द नाही. पुढे ढकलू या का? गुरुवार? ... नाही, आईची तब्येत ठणठणीत आहे. ... कारण? कारण असं आहे की, इथली माती अजून ओली आहे. ... हो, मला कळतं, तुमचं यंत्र ओल्या मातीतही चालतं. ... नाही साहेब, माझी सायकल चालत नाही. ... हो. सायकल. ... चव्वेचाळीस. ... आभारी आहे.

आर्लीन: काय म्हणाले?

वेड: गुरुवार चालेल म्हणाले. आणि हेल्मेट घाल म्हणाले.

आर्लीन: शहाणा माणूस आहे. विमान?

वेड: बुधवारचं करतो. तिकीट बदलतो, ऑफिसला काहीतरी थाप मारतो. पण आई, हे तीनच दिवस. कागद माझ्या बॅगेत तसेच आहेत. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

आर्लीन: सोडू नकोस. मी सही करते.

वेड: काय?

आर्लीन: करते म्हटलं ना. मंगळवारी संध्याकाळी तू पाद्रीबाबावरून उड. नीट उतर, काट्यांत जाऊ नकोस, माझी नजर आता चिमट्याने काटे काढण्याइतकी राहिली नाही. उतरलास की सायकल आडवी टाक, बॅगेतून पेन काढ आणि स्वतःच्या हाताने माझ्या हातात दे. मी तिथेच सही करते. एक शब्द बोलणार नाही.

वेड: आणि मला नाहीच देता आलं तर?

आर्लीन: तर बुधवारी तुला विमानतळावर सोडेन आणि येताना खाणीवर थांबून एक ट्रक माती सांगून येईन.