बत्तिसावं घर

...नाही, पण मला एक सांगा, दगडांवर काय आडनावं कोरलेली असतात? इथे स्कॉटलंडात, आमच्या बेटावर, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात बत्तीस पडकी घरं आहेत. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदाराने माणसं हाकलली, छपरं उतरवली, मेंढ्या सोडल्या आणि माणसं कोंबली कॅनडाच्या जहाजात. संपलं! कुठलं घर कुणाचं, ना चर्चच्या वहीत, ना मेंढ्यांना ठाऊक. आणि आता त्यांच्या पतवंडांची पतवंडं ओबान बंदराच्या बोटीतून उतरतात ती थेट माझा हात धरून, 'लॉखलन, आमच्या खापरपणजोबांचं घर दाखवा!' अहो, मी साधा गाडीवाला. एकतीस घरांना जायला चिखल तुडवावा लागतो, बत्तिसाव्याच्या दारात गाडी जाते. मग मी सगळ्यांना बत्तिसावंच दाखवतो. तुम्हाला म्हणून सांगतो, यात माझं काय चुकलं?

आणि काय रडतात हो! मॅथेसन रडले, मॅकिनन रडले, न्यूझीलंडचे फर्ग्युसन तर किल्टच्या चौकडी घागऱ्यासकट चिखलात बसून रडले. इथे आम्ही किल्ट घालतो लग्नात, तोही भाड्याचा! जाताना प्रत्येक जण चुलीतला एक दगड खिशात घालून नेतो, म्हणून दर सोमवारी मी समुद्रावरून बादलीभर दगड आणून चूल पुन्हा भरतो. पण नुसत्या घराने भागत नाही, घरात माणूस लागतो. म्हणून मी तांबडा यूअन काढला. कुठून म्हणजे? डोक्यातून! तांबडी दाढी, चुलीत विस्तव आहे तोवर घर सोडणार नाही म्हणून हटून बसलेला, आणि जमीनदाराच्या माणसांशी झटापटीत अंगठा तुटलेला. अंगठा आला की रडणाऱ्यांचा आवाज चढतो. खोटं म्हणाल, तर त्यांना हवं ते मिळालं, मला माझं. माझं काय चुकलं?

तर गेल्या मे महिन्यात डॉरीन गिलिस आल्या. कॅनडाच्या, सत्तरीच्या, शाळेत परिचारिका होत्या म्हणे, आवाजात अजून ताप मोजायची जरब. काखेत फाइल, सात पिढ्यांची. भर दुपारी दोन वाजता गाडी थांबवली तर धुकं असं, की स्वतःचा हात ओळखीने शोधावा. रिपरिप पाऊस. आणि धुराचा वास! आमच्याकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात ना, पीट, त्याचा. बत्तिसाव्या घराला छप्पर नाही, दोनशे वर्षं चूल थंड, आणि भिंतींमधून धूर वर चाललाय. मेंढ्या सगळ्या घराकडे तोंड करून उभ्या. एकही चरत नव्हती...

मी म्हटलं, 'बाई, उद्या येऊ.' त्या म्हणाल्या, 'उद्या माझं विमान आहे,' आणि शिरल्या की आत!

आत चुलीपाशी एक म्हातारा पाठमोरा बसलेला. मान न वळवता म्हणाला, 'दगड समुद्राचे आणतोस. विस्तवात तडकतात.' मग वळला. तांबडी दाढी. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी कुणाला डावा अंगठा सांगायचो, कुणाला उजवा... त्याला दोन्ही नव्हते.

डॉरीनबाईंकडे बघून म्हणाला, 'पोरी, तू कुणाची गं?' आमच्याकडे हीच रीत, नाव कुणी विचारत नाही, कुणाचा ते विचारतात. विचारलंन् ते आमच्या जुन्या गेलिक भाषेत. बाईंना त्यातलं 'चहा'सुद्धा म्हणता येत नाही! आणि त्या फाइल न उघडता, घडाघडा, गेलिकमध्ये, सात पिढ्या बोलल्या. आवाज त्यांचा नव्हता. म्हातारा म्हणाला, 'बस, पोरी.' त्या बसल्या. आणि तुम्हाला सांगतो, त्यांच्या अंगावर पाऊस पडेना!

'आणि तू रे?'

'मी? मी गाडीवाला.'

'ते नाही विचारलं.'

'लॉखलन. डोनाल्डचा. डोनाल्ड, विलीचा. विली...'

अडलो. विली, माझा आजोबा, पाच वर्षांचा असताना ग्लासगोच्या अनाथालयातून इथे आला, गळ्यात चिठ्ठी बांधून. सरकार तशी पोरं पाठवायचं बेटांवर, शेतकऱ्यांकडे ठेवायला. ज्यांनी ठेवला त्यांचं आडनाव लागलं. अख्ख्या गावाला माहीत आहे, पण तोंडावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे सभ्यपणा म्हणजे जे काय बोलायचं ते पाठीमागे!

म्हातारा म्हणाला, 'मला तू घडवलंस. अंगठे तोडलेस, तेही असो. पण तू कुणाचा?'

मी खाली बघितलं. चिखलात डॉरीनबाईंच्या बुटांचे ठसे, गाडीपासून दारापर्यंत. माझे नव्हते. पाय आपटला. नाहीच! मागे वळलो तर धुक्यात गाडी अर्धी पुसलेली, आणि हातातल्या किल्लीचं वजन लागेना... अहो, बावन्न वर्षं या बेटावर काढलेला माणूस मी! माझं काय चुकलं?

तेवढ्यात आतून जरबेचा आवाज. 'तो माझा आहे.'

'तुझा कोण?'

'ते मी ठरवीन. फाइल माझी आहे.' बाईंनी पेन्सिल काढली, थुंकी लावली, कोपऱ्यात माझं नाव आणि पुढे काहीतरी लिहिलं. आणि चिखलात माझ्या बुटांखाली पचकन दोन ठसे उमटले. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली, म्हणजे ये. गेलो. ऊब होती हो... अशी ऊब आमच्या घरातही कधी लागली नाही मला.

गाडीत बसल्यावर बाई कोरड्या ठणठणीत. म्हणतात कशा, 'नट बरा होता हं तुमचा, पण अंगठ्यांचं जरा जास्त झालं.' आणि गेलिक? 'छे! मी इंग्रजीतच बोलले की!'

तेव्हापासून कुणालाही न्या, कुठल्याही आडनावाचं, म्हातारा आत घेतो, माणसं कोरडी बाहेर येतात. मीही आत जातो, बाईंच्या पेन्सिलीवर. पण मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पुतण्या सगळी वंशावळ संगणकावर चढवतोय आणि पेन्सिलीतलं गाळतोय! त्याच दिवशी खोऱ्यात गेलो होतो, डाव्या पायाचा ठसा उमटला नाही.

म्हणून मी थेट पुतण्यालाच फोन लावला. गयावया केली, 'बाबा रे, तेवढं नाव राहू दे.' तर म्हणतो, 'तुम्ही स्कॉटिश आहात याला पुरावा काय?'

म्हटलं, 'अरे, मी स्कॉटलंडमध्ये राहतो!'

तर म्हणतो कसा, 'ते काय हो काका, तिथे कुणीही राहतं.'